पर्याय दोन

रस्ते आखणाऱ्या हापिसात आम्ही एक नाटक नेमाने करायचो. कुठल्याही रस्त्याच्या प्रस्तावात तीन पर्याय दाखवावे लागतात. त्यातला एक आधीच ठरलेला असतो, उरलेले दोन हरण्यासाठी काढायचे. आमचे साहेब म्हणायचे, नवरी एकच, बाकी दोघी करवल्या. आम्ही हसायचो. मीही हसायचो, आणि माझं हसणं जरा जास्तच मोठं असायचं, कारण मी नवा होतो.

मराठवाड्याकडून येऊन बुलढाणा जिल्हा ओलांडून मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत जाणारा एक महामार्ग सुचवायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा मोताळा तालुक्याचा तुकडा साहेबांनी माझ्या गळ्यात घातला. तुझाच भाग आहे, तुला सगळं माहीत आहे, म्हणाले. माझं गाव धामणगाव बढेपासून फार लांब नाही. मला भारी वाटलं.

पर्याय एक गावाच्या पश्चिमेने, पडीक जमिनीतून जात होता. तोच जिंकायचा होता. पर्याय दोन पूर्वेने जाणारा, आणि त्यात बाधित घरं भरपूर दिसायला हवी होती, म्हणजे तो आपोआप बाद होतो. पुण्यात खुर्चीत बसून उपग्रहाच्या चित्रावर मी रेघ ओढली. घरं कमी पडत होती. जागेवर जाऊन नवी घरं शोधण्याचा मला कंटाळा आला. एक गोष्ट मात्र मला तोंडपाठ होती. गावाच्या पूर्वेला कडुलिंबाखाली सुतारचाचाचा टिनाच्या शेडमधला लाकूडकामाचा कारखाना होता, आणि त्याला लागून त्याच्या नव्या घराचा पाया. मी रेघ थोडी वाकवली आणि ते दोन्ही आत घेतले. कडुलिंब ओळखल्याचा मला आनंद झाला, हेही सांगून टाकतो.

हा चाचा म्हणजे आमच्या गावातल्या बहुतेक दारांचा बाप. कोणाच्याही घराची चौकट असो, बुद्धविहाराचं दार असो, मशिदीची खिडकी असो, रंधा त्याचाच. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं केली, पण स्वतः चाचीला घेऊन कारखान्याच्या मागच्या खोलीत राहिला. तिथे भाकरीवरही लाकडाचा भुसा बसायचा. चाचीला खोकला होता. भुशातून बाहेर काढा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून ते घर बांधायला घेतलं होतं. पाया झाला होता, खांब उभे होते, आणि चौकट तर आधीच तयार होती. सागवानी, दोन्ही बाजूंनी वेल कोरलेली, वरच्या पट्टीत मधली जागा कोरी. तिथे काय कोरायचं हे चाचीने ठरवायचं होतं आणि तिचं ठरत नव्हतं.

तालुक्याच्या गावी आमचं सादरीकरण झालं. तिथे कोणीतरी नकाशाचा फोटो काढला आणि तो मोबाइलवरून गावात पोचला. हापिसात बाद होणारी रेघ आम्ही लाल काढायचो. गावात लाल म्हणजे पक्की. चाचाने दुसऱ्याच दिवशी बांधकाम थांबवलं.

दिवाळीला मी घरी गेलो आणि पारावर बसलो, तेव्हा तो रंधा खाली ठेवून तिथे आला. माझ्या अंगात नवा शर्ट होता. "बाबू, तू तं त्याच हापिसात हाय ना," त्याने विचारलं, "सांग मले, बांधू का थांबू?"

दोन शब्दांचं काम होतं. पण ते दोन शब्द बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, की मग रेघ इथून काऊन गेली? आणि ती मी वाकवली होती. शिवाय पारावर सगळे माझ्याकडे बघत होते, मला चहा आला होता, आणि सरकारी गुपित ठाऊक असलेला माणूस होणं मला आवडत होतं. मी घसा खाकरून म्हणालो, "थांबा चाचा. वरचं काम हाय, आत्ताच काही सांगता येत नाही."

तो थांबला. माझ्यावर विश्वास ठेवून थांबला. पुढच्या वर्षी ईदला शीरखुर्मा खायला गेलो, तेव्हा त्याने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं. दुसऱ्यांदा खोटं बोलताना तर काही जडही गेलं नाही. मागच्या खोलीत चाची खोकत होती आणि मी वाटी चाटूनपुसून संपवली. आज ती वाटी आठवली की जेवणावरून उठावंसं वाटतं.

त्यानंतर आमच्या बापाने घर बांधायला घेतलं. चौकटीसाठी तो चाचाकडे गेला, तर चाचाने सरळ आपली तयार चौकट काढून दिली. आपलं घर तर रस्त्यात जाणार, लाकूड पडून पडून वाकडं होईल, त्यापेक्षा तुमच्याकडे उभी राहू द्या, म्हणाला. मधल्या कोऱ्या जागेत त्याने आमच्यासाठी पिंपळाचं पान कोरलं. बापाने फोनवर मला ते कौतुकाने सांगितलं. मी छान झालं म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हाही बोलता आलं असतं.

पर्याय एक मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी रजा टाकून गावी गेलो. आता तरी सांगायला हवं होतं, कारण आता ते सांगण्यात माझं काही जात नव्हतं. इतका उशिराचा प्रामाणिकपणा मी घेऊन गेलो होतो. वाटेत घराचे खांब दिसले. वर निघालेल्या सळया गंजून फुगल्या होत्या. हे खांब फोडूनच नव्याने घ्यावे लागतील असं गवंडी म्हणतो, हे मला बापाकडून कळलं होतं. चाचाचा पोरगा मलकापूरला कामाला लागला होता आणि चाचाचा हात आता कोरायचं किकरं धरताना थरथरायचा.

मी सगळं सांगितलं. रेघ खोटी होती, ती मी काढली, घरं वाढवायला मुद्दाम वाकवली. तो ऐकत पोळपाटाची कड घासत राहिला. मग त्याने एकच विचारलं.

"म्हंजे तुले पैल्या दिवसापासून माईत होतं?"

"हाव."

मागच्या खोलीतून खोकल्याची उबळ आली. तो चिडेल, निदान शिव्या देईल, अशी मला आशा होती. शिव्या खाऊन माणूस थोडा तरी मोकळा होतो. त्याने पोळपाटावरचा भुसा फुंकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मंग चौकट तरी नेऊ द्याची नव्हती बाबू."

मी उठून घरी आलो. दार सताड उघडं होतं, वेल दोन्ही बाजूंनी वर चढत गेलेली, मध्ये पिंपळाचं पान. त्या जागी काय हवं होतं हे चाचीचं अखेर ठरलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. मी वळसा घालून मोरीच्या बाजूने, मागच्या दाराने आत गेलो. आई भाजी निवडत होती. तिने विचारलं, समोरचं दार उघडं असताना इकडून काऊन आला? मी म्हणालो, पाय चिखलाने भरले होते. तिने माझ्या कोरड्या चपलांकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.