हरिश्चंद्राचा उजवा फरा

हरिश्चंद्राच्या अंगातला देवीचा वारा गेला, अशी बातमी एकसष्ट सालच्या श्रावणात आमच्या वाडीत फिरली. कोणी म्हणाले, त्याने उपासाच्या दिवशी सुंगटे, म्हणजे कोळंबी, खाल्ली. मसुऱ्याच्या बाजारात पोचेस्तोवर तर देवी त्याच्यावर रुसून माहेरीच निघून गेली होती.

सगळे खोटे. वारा देवीचा नव्हता, डॉक्टरचा होता. हे मी छातीठोक सांगते, कारण डॉक्टर बोलला तेव्हा मी तिथेच बाकावर बसले होते. माझा कान दुखत होता. ऐकू मात्र चांगले येत होते.

हरिश्चंद्र आमचा कुंपणापलीकडचा शेजारी. मला वयनी म्हणतो, म्हणून मी त्याची चेष्टा करते. नसता म्हणाला तरी केली असती. धंदा चिरेखाणीवर. खाणीतला तांबडा चिरा उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि वर गाडीपर्यंत न्यायचा. पाठ अशी रुंद की त्याची बायको जानकी त्याच्या आडोशाला उभी राहून, सासूच्या नकळत, पान खायची.

आणि दसऱ्याला त्याच पाठीला गावचा मान. देवीचे तरंग, म्हणजे लुगडी गुंडाळलेली, माथ्यावर चांदीचा मुखवटा बसवलेली उंच काठी. ती देवळातून बाहेर आणून दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायची. उचलली की धरणाऱ्याच्या अंगात वारा येतो, तो थरथरतो, गाव हात जोडतो. आजा, बाप, मग हा. ज्याला काठी पेलत नाही, त्याचा मान भावबंदांकडे जातो. इथे भावबंद म्हणजे चुलतभाऊ लवू. हरिश्चंद्र नुसता शिंकला तरी तो लगबगीने तब्येत विचारायला यायचा.

त्या पावसाळ्यात जानकी हरिश्चंद्राला सदरा घालताना दिसली. मी कुंपणावरून विचारले, "काय रे, परत नवरो झालंस?"

"हात वर जाणा नाय, वयनी."

"दुखता?"

"नाय."

"मग काय होता?"

"कायच होणा नाय."

दुखले असते तर बरे, निदान तेल तरी चोळता आले असते. शेवटी जानकीने त्याला मालवणला डॉक्टरकडे नेले. सोबत मी आणि माझा कान.

डॉक्टर घाटावरचा, तरुण. त्याने हरिश्चंद्राला उघडा केला आणि दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून भिंत ढकलायला लावली. डावी पाठ सपाट राहिली. उजवीकडचा फरा, खांद्यामागचे ते चपटे हाड, कोंबडीने पंख उचलावा तसा बाहेर आला. जानकीने तोंडाला पदर लावला.

"मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू ठीक आहे," डॉक्टर बोटाने दाबत म्हणाला. "खांद्यावरचा गोळाही शाबूत आहे. पण फऱ्याच्या आतून बरगड्यांना करवतीच्या दात्यांसारखा धरलेला एक स्नायू असतो. तो फऱ्याला बरगड्यांशी घट्ट धरतो आणि हात वर नेताना फिरवतो. त्याची नस मानेतून उतरते. ती ओझ्याने दुखावली." मग आम्हाला कळावे म्हणून त्याने सोपे केले, "अंगावरून वारं जातं ना, तसं या एका स्नायूवरून वारं गेलंय. वर्ष-दीड वर्षात सुधारेल. कदाचित नाहीही."

झाले. जानकी विहिरीवर म्हणाली, "डाक्टरान सांगल्यान, वारो गेलो." खांदा, नस, स्नायू सगळे विहिरीत पडले, वारा तेवढा वर आला.

मानकऱ्यांनी हरिश्चंद्राला देवळात बोलावले. मीही गेले आणि करवतीपासून सगळे सांगितले. एरवी माझी थाप गावभर खपते, त्या दिवशी खरे सांगत होते, तर म्हातारा गावकर म्हणाला, "तू गप रव गो. हरया, तू सांग. वारो गेलो?"

"गेलो म्हणता डाक्टर."

"अवो, खांद्यावरसून गेलो म्हणा," जानकी बाहेरून म्हणाली.

हरिश्चंद्राला साधी काठी उचलायला दिली. डावा हात वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. मागे सदऱ्याखाली फरा टोकदार झाला. काठी कलली, ती लवूने धरली. मग ती त्याच्याच हातात राहिली.

दसऱ्याला लवूने तरंग उचलले. थरथरला, घुमला, डोळे फिरवले, जरा जास्तच. हरिश्चंद्र तुळशीवृंदावनापाशी उभा होता. मी त्याच्याकडे बघत होते. त्याचा चेहरा ओल्या चिऱ्यासारखा. घरी येऊन तो जेवला, हात धुतला, पडला. जानकी रडत होती, तर म्हणाला, "भात बरो झाललो."

आता तो खाणीवर डाव्या हाताने टिकाव पाजळतो. पाठ रुंद आहे, पण एका बाजूने खचलेली. जानकी पान खायची बंद झाली आहे.

मला मात्र राहवेना. दिवाळीच्या आधी तो अंगणात बसला होता, तेव्हा कुंपणावरून म्हटले, "हरया, लवूच्या अंगात देवीचो वारो कसो बरो इलो रे. तुका कायच वाटणा नाय?"

त्याने मान वळवली.

"वयनी, माझ्या अंगात वारो कधीच इलो नाय. काठी जड होती, म्हणान अंग थरथरायचां."