अक्षरं असलेली डिस्क

आईचे कान गेले ते तापात. ताप उतरला, पण ऐकू येणं परत आलं नाही. कानाचं मशीन लावून पाहिलं, त्यातून तिला नुसती घरघर ऐकू यायची. ती माझ्याकडे धायरीला राहायची. मी दिवसभर बँकेत, नवरा कारखान्यात. ती टीव्हीसमोर बसून हलणारे ओठ बघायची.

तेव्हा घरोघरी व्हीसीडी प्लेअर होते आणि डीव्हीडी नुकती आवाक्यात येत होती. नवऱ्याचं मत ठाम होतं. व्हीसीडी कोपऱ्याकोपऱ्यावर भाड्याने मिळते, मराठी नाटकं तर तिच्यावरच येतात, आणि चित्र स्वच्छ दिसलं म्हणून नट काही बरा अभिनय करायला लागत नाही. मला ते पटलंही होतं. तरी दोन्ही एकदा बघून घ्यावं म्हणून मी कॅम्पातल्या एका जुन्या दुकानात गेले. दुकानदारांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या वडिलांनी रेडिओ दुरुस्तीवर उभं केलेलं ते दुकान.

चाचांनी एकच हिंदी सिनेमा दोन्हींवर लावून दाखवला. व्हीसीडीवर पळापळ सुरू झाली की चित्राचे चौकोन पडत, आणि मध्येच डिस्क बदलावी लागे. डीव्हीडीवर तसं काही नव्हतं. मी म्हटलं, आईसाठी हवंय, तिला ऐकूच येत नाही, तेव्हा साधं चालेल. त्यावर त्यांनी रिमोटचं एक बटण दाबलं आणि पडद्याच्या तळाशी संवादांच्या ओळी उमटल्या.

"ताई, मग आपण हीच घ्या. व्हीसीडीत ही सोय नाही."

ओळी इंग्रजीत होत्या, हे मला दिसत होतं. पण मराठी सिनेमाच्या डिस्कवर मराठी ओळी असणारच, असं मी धरून चालले. विचारलं नाही.

रविवारी दुपारी आईला समोर बसवून मराठी सिनेमा लावला. भाषांच्या यादीत एकच नाव होतं, इंग्रजी. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी माझी आई, तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे माझ्यासाठी नाही गं," ती म्हणाली.

मग मी वही घेऊन शेजारी बसू लागले. पडद्यावर कोण काय बोललं ते भराभर लिहून दाखवायचे. तिसऱ्या रविवारी तिने माझा हात धरला. म्हणाली, माणूस रडायला लागतो आणि मग मला कळतं तो काय म्हणाला होता. राहू दे.

मी चाचांकडे गेले. त्यांनी आणखी डिस्क काढून दाखवल्या. कुठे इंग्रजी, कुठे अरबी. मराठी कुठेच नाही. मराठी लोकांना मराठी ऐकू येतं, असं डिस्क काढणाऱ्यांनी गृहीत धरलंय, म्हणाले. मशीन परत घेतो म्हणाले. मी नको म्हटलं. ते परत करणं म्हणजे आईसाठी आता काही नाही हे कबूल करणं होतं.

शेवटचा उपाय म्हणून तिच्या तरुणपणीच्या आवडत्या नाटकाची व्हीसीडी आणली. ती त्याच मशीनवर चालली. नाटक तिला पाठ होतं. नायिका बोलू लागली तशी आईही बोलू लागली, मोठ्याने, थोडी पुढे, थोडी मागे. मी आशेने तिच्याकडे बघत राहिले. पण ध्वनिचित्रण करताना नाटक कापलेलं होतं. दुसऱ्या अंकात तिच्या ओळखीचा प्रवेश आलाच नाही. तिचं वाक्य अर्धवट राहिलं.

"आता कुठे आहेत हे?" तिने विचारलं.

मी ते नाटक कधी पाहिलं नव्हतं. वहीत काय लिहावं ते कळेना. तिने वहीचं कोरं पान पाहिलं, मग खुर्ची उचलून खिडकीकडे वळवली.

त्यानंतर ती चार वर्षं होती. नाटक लावू का, असं मी दोन-तीनदा वही तिच्यापुढे धरून पुन्हा विचारलं, तेव्हा तिने खिडकीकडून न वळता नकारार्थी मान हलवली. डीव्हीडीवर माझ्या मुलांनी कार्टून पाहिली. सोसायटीतल्या लोकांनी कोणतं यंत्र घ्यावं असं मला विचारलं की मी चित्राबद्दल सांगायचे, डिस्क बदलण्याबद्दल सांगायचे. ओळींचा विषय मी काढला नाही. आई मागे बसलेली असायची, आणि तिला ऐकू जाणार नव्हतं, तरी माझ्याच्याने ते बोलवत नसे.