नानांचा डावा पाय

“पयले डावा पाय, मंग बठ्ठी दुनिया!”

आधी डावा पाय, मग सगळी दुनिया; क्लच दाबताना नाना हे म्हणणारच. धुळ्यात आमच्या जिनिंग मिलच्या मालकांची अँबॅसिडर ते चालवायचे आणि मी त्याच मिलमध्ये कारकून होतो, मालकांच्या घरच्या फेऱ्यांना सोबत म्हणून गाडीत पुढं बसायचो. मालकांच्या आईंनी, म्हणजे आक्कांनी, एकदा त्यांना सुनावलं की नवी सून तर उजव्या पायानं माप ओलांडते. नाना म्हणाले, “ती घरमा येस, आक्का. गाडी रस्तामा जास.”

असे ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील, गाडी आपल्या मालकीची असल्यासारखे वागणारे. नाना त्यांच्यातले अर्क. दुसऱ्या कुणी गिअर खरखरवत टाकला की यांचाच दात दुखल्यासारखा चेहरा व्हायचा. पण लळिंगच्या घाटात आक्का मागच्या सीटवर बसून पानाला चुना लावायच्या आणि गिअर कधी बदलला ते त्यांच्या बोटाला कळायचंही नाही. आक्का दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायलाच तयार नसत. या गोष्टीचा नानांना फार अभिमान होता, आणि तो लपवण्याची त्यांनी कधी तसदीही घेतली नाही.

मग त्यांच्या डाव्या पायाला सायटिकानं धरलं. क्लच दाबला की कमरेपासून टाचेपर्यंत कळ जायची. नाना ओठ दाबून गाडी चालवायचे आणि विचारलं तर “काहीच नही” म्हणायचे. ते धडधडीत खोटं होतं. गाडी चालवणं सुटलं तर आपण कोण, हा प्रश्न त्यांना त्या कळेपेक्षा जास्त छळत असावा.

मालकांना दुसरा ड्रायव्हर सहज मिळाला असता. पण त्यांनी मुंबईहून परदेशी बनावटीची एक जुनी गाडी आणवली. तिला क्लचच नव्हता, गिअर आपोआप बदलायचे. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर, दोन्ही कामं उजव्या पायाची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रकार बघायला अर्धं गाव मिलच्या फाटकाशी जमलं होतं.

“गिअर नही ती गाडी शे का झोका?” नानांनी नाक मुरडलं.

“नाना, तुमच्यासाठीच आणलीय,” मालक म्हणाले. त्यावर नाना फडकं घेऊन काच पुसायला लागले.

अडचण एकच होती. रिकामा डावा पाय क्लच शोधायचा, आणि तिथं सापडायचं ब्रेकचं रुंद पेडल. गाडी खाडकन थांबायची. पहिले काही दिवस आमची कपाळं रोज पुढच्या काचेला भेटून आली. शेवटी आक्कांनीच तोड काढली. “पाय वर लिसन बठ, नाना. मी कोणले सांगस?”

तेव्हापासून नाना डावी चप्पल काढायचे, पाय मुडपायचे आणि सीटवर अर्धी मांडी घालून गाडी चालवायचे. गाडी लोण्यासारखी चालू लागली. आक्कांचं पान पुन्हा सुरू झालं.

एकदा आक्कांना दोंडाईच्याहून आणताना आम्ही सोनगीरला चहाला थांबलो. गाडी उभी राहिली तेव्हा हॉटेलाबाहेरच्या बाजांवर बसलेल्या ट्रकवाल्यांना नानांची ती मांडी दिसली.

“नाना, पंगतमा बठनात का?” एकानं विचारलं आणि सगळे खिदळले.

नाना हसले नाहीत. चहाही अर्धाच प्यायले. परत गाडीत बसले तेव्हा चप्पल पायात होती आणि पाय खाली. मी बघितलं, आक्कांनीही बघितलं. नानांचा चेहरा पाहून त्यांनी पानाचा डबा उघडला.

धुळ्याकडे येताना शेतातून एक ट्रॅक्टर अचानक हायवेवर आला. वेग थोडा कमी केला असता तरी भागलं असतं. पण ज्या पायावर धड उभं राहता येत नव्हतं, त्या पायानं जीव एकवटून क्लच दाबला, जो तिथं नव्हताच. गाडी जागच्या जागी थांबली. पान द्यायला पुढं वाकलेल्या आक्का दोन सीटांच्या मध्ये आदळल्या आणि त्यांचं मनगट मोडलं.

“हात व्हता, मोडना. जुडी जाई,” दवाखान्यात आक्काच नानांची समजूत घालत होत्या.

“आक्का, मन्हा पाय नही,” नाना म्हणाले, “मन्ही मिजास आडवी उनी.” आणि ते लहान मुलासारखे रडले.

मालकांनी त्यांना काढलं नाही. आक्कांनी दोनदा निरोप धाडला. पण नानांनी मालकांच्या देवघरात किल्ली ठेवली ती ठेवलीच. इतका जीव लावणाऱ्या माणसांवर त्यांनी असं रुसायला नको होतं, असं मला अजून वाटतं. पण ते रुसले होते स्वतःवरच, आणि तो रुसवा काढणार कोण?

त्यानंतर मी त्यांना गाडीत पाहिलं ते एकदाच. ते एसटी स्टँडबाहेर उभे दिसले तेव्हा आक्कांनी नव्या ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि सरकून जागा केली. “ये नाना, बठ. घर सोडी देतस.”

नाना पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसले, सुतकाच्या घरी भेटायला आल्यासारखे अवघडून. आक्कांनी त्यांच्या हातावर आपला वाकडा जुळलेला हात ठेवला. पांझरेचा पूल यायच्या आधीच नाना म्हणाले, “थांबाड रे भो. घर उनं मन्हं.”

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. घर आलं कसं? नानांचं घर तर पुलापलीकडे, देवपुरात होतं.

“त्यानं घर उनं ना,” आक्का म्हणाल्या, “थांबाड.”

नाना उतरले, दार नीट लागलंय का ते दाबून पाहिलं आणि पाय ओढत पुलावर चढले. आम्हालाही पलीकडेच जायचं होतं. पण त्यांना मागं टाकून जायची आमची छाती झाली नाही. ते पूल उतरून दिसेनासे होईपर्यंत आम्ही अलीकडेच गाडी बंद करून बसून राहिलो.