धूळमिस्त्रींचा हात

धूळमिस्त्रींइतका पांढराशुभ्र सदरा घालणारा दुसरा गाडी-मिस्त्री मी पाहिलेला नाही. न्हावरे फाट्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये, काळ्या ऑइलच्या राड्यात, हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा उभा असायचा. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचे, हवेच्या फिल्टरकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप सोडवायचे, त्यात करंगळी फिरवायचे आणि ती सदऱ्याच्या छातीवर पुसायचे. डाग उठला नाही तर गाडी पास. उठला तर मालकाची खैर नसायची. शेडमध्ये फडक्यांचा ढीग पडलेला असताना सदरा कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “फडक्यावरचा डाग कोन बघतंय? सदऱ्यावरचा घरी बायकू बघती. मग ध्यानात राहतं.”

त्यांचं खरं नाव फाट्यावर कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही. तोंडावर सगळे त्यांना मामा म्हणायचे आणि पाठीमागे धूळमिस्त्री. शिरूर ते दौंड या पट्ट्यात उन्हाळ्यात आणि उसाच्या हंगामात काय धूळ उडते, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. आमची फोर-व्हील जीप मांडवगण फराट्याच्या मळ्यातून ढेकळं तुडवत यायची, तेव्हा तिचा रंग ओळखू येत नसे. मामा माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, दर खेपेला तेच ऐकवायचे, “डिझेल संपलं तर गाडी थांबती आप्पा, तुमाला कळतं तरी. आत धूळ गेली तर गाडी पळत राहती आन् संपत राहती.” आप्पा हो हो म्हणत तंबाखू मळायचे.

एकदा दौंडहून काही सामान आणायचं होतं म्हणून मामा माझ्या शेजारी बसले. ती चूक मी पुन्हा केली नाही. पुढं उसाची ट्रॉली दिसली की ते म्हणायचे, “घे बाजूला.” मग आम्ही बाभळीखाली उभे. ट्रॉलीमागचा फुफाटा खाली बसून रस्ता नितळ दिसेपर्यंत हलायचं नाही. असे आम्ही सात वेळा थांबलो. दौंडला पोचलो तेव्हा दुकानदार शटर ओढून जेवायला गेलेला. मी चिडलो, तर हे शांतपणे म्हणाले, “दुकान उघडंल की परत. इंजिन उघडलं तर काय करशील?” मला त्या वेळी त्यांचा अगदी कंटाळा आला होता, हे कबूल करतो.

सगळ्यात मोठा राग त्यांना कंप्रेसरचा. शेडमध्ये कंप्रेसर होता, पण तो टायरपुरता. कागदी फिल्टरवर हवा मारणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच होतं. घडीत कुठंतरी कागद फाटतो, वरून दिसत नाही, आणि स्वच्छ केल्याचं समाधान घेऊन माणूस इंजिनात माती ओतत राहतो, असं ते सांगायचे. प्रत्येक फिल्टर ते कोपऱ्यातल्या अंधारात न्यायचे, आत पेटता बल्ब धरायचे आणि गोल फिरवून बघायचे. कुठं टाचणीएवढा उजेड दिसला तरी फिल्टर भंगारात. मग नवा बसवताना रबराच्या कडेवरून ग्रीसचं बोट इतक्या मायेनं फिरवायचे की बघणाऱ्याला हसू यावं. आम्ही हसायचोही.

मी नेमकी तीच गोष्ट केली. चुलतभावाच्या साखरपुड्याला कवठे येमाईला निघालो होतो. गाडी ओढेना, काळा धूर सोडायला लागली. वाटेत पंक्चरवाला दिसला. त्याच्याकडचा परप्रांतीय कामगार म्हणाला, “भैया, फिल्टर जाम है, हवा मार दूँ?” पाहुणे खोळंबले होते. मी म्हटलं, मार. फर्रकन धुळीचा लोट उठला आणि त्यानं फिल्टर माझ्या हातात दिला. एका घडीला नखाएवढी चीर पडलेली मला दिसली. दिसली, हे मी आज लिहितो आहे. मी ती बोटानं दाबली, फिल्टर जागेवर बसवला, आणि उद्या नवा आणू म्हटलं. गाडी मस्त पळाली. तो उद्या सबंध ऊसतोडीत उजाडला नाही.

हंगाम संपता संपता जीप ऑइल प्यायला लागली, निळा धूर ओकायला लागली. मामांकडे न्यायच्या आदल्या दिवशी मी फाटका फिल्टर काढून उकिरड्यात पुरला आणि नवाकोरा बसवला. आप्पांच्या शिव्यांना भ्यालो, दुसरं काही नाही. एवढा बाप्या झालो होतो तरी भ्यालो.

मामांनी इंजिन उघडलं. आत सगळीकडे ओरखडे होते, धुळीनं इंजिन खाल्लं होतं. त्यांनी फिल्टर बघितला, बल्ब धरून बघितला, आणि त्यांचा चेहराच उतरला. “फिल्टर तर नवा हाय,” ते म्हणाले. “तुमी येळेवर बदलला. मग धूळ शिरली कुठनं?” तीन दिवस ते पाइप, क्लिपा, रबर चाचपत बसले. चौथ्या दिवशी आप्पांना म्हणाले, “मागच्या टायमाला रबराची कड माझ्याच हातनं वाकडी बसली आसंल. दुसरं कायबी सापडत न्हाई.” शेडमध्ये पाचसहा माणसं होती. आप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या हातात आता काय राहिलं न्हाई.” मी तिथंच उभा होतो. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

गिऱ्हाइकं तुटली असं म्हणता येणार नाही. मामांनीच ती तोडली. कुणी आलं की म्हणायचे, “दुसरीकडं दाखवा, माझा हात हालतोय.” हात हलत नव्हता. काही महिन्यांत शेडला कुलूप लागलं आणि ते लेकीकडे पाबळला राहायला गेले.

आप्पा गेल्या वर्षी वारले. त्यानंतर एक दिवस मी सगळा धीर गोळा करून पाबळला गेलो. मामा ओट्यावर बसले होते, फार वाळले होते. मी काही आडपडदा ठेवला नाही. म्हटलं, “मामा, ती चूक तुमची नव्हती. फिल्टर मी हवा मारून फाडला आन् तुमच्याकडं आणायच्या आधी नवा बसवला.”

मामा हसले आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आप्पा जाताना बोलले व्हय, मिस्त्रीला लई टाकून बोललो म्हणून? त्यांनीच धाडलं आसंल तुला.”

“न्हाई हो मामा. देवाशपथ खरं सांगतोय.”

“आसूं दे, बाळू. म्हाताऱ्याची समजूत काढायला सोताच्या अंगावर घ्यायला निघालास. पर फिल्टर मी या डोळ्यांनी बघितला व्हता, नवाकोरा. माझाच हात चुकला.” आणि त्यांनी घरात लेकीला हाक मारली, “चा ठेव गं. लई चांगल्या घरचं पोरगं आलंय.”

मी चहा प्यायलो आणि निघून आलो.