मावशींचा लव्हाळा

गल्लीत सगळे त्यांना टपालवाल्या मावशी म्हणत. पस्तीस वर्षं पत्रं वाटून झाली, रिटायर झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, तेव्हा मावशींनी इमारतींमागचा ओढा साफ करायला घेतला. दर रविवारी सकाळी रबरी बूट, दाताळं आणि बादली. याला आता नऊ वर्षं झाली. सुरुवातीला पंधरा-वीस माणसं यायची. पण मावशींची जीभ अशी, की कुणी हातमोजे मागितले तरी त्याची बिनपाण्याने व्हायची. माणसं गळत गेली.

"तू कचराही काढतेस आणि माणसंही," नवरा म्हणायचा. थर्मासमध्ये चहा मात्र तोच भरून द्यायचा.

यंदा गुडघे बोलू लागले. पाण्यात उतरायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मावशी थकल्या होत्या, आणि नुसत्या अंगाने नव्हे. ओढा कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय त्यांना घरी बसवत नव्हतं. शेवटी त्यांनी जन्मात न केलेली गोष्ट केली. खालच्या मजल्यावर कपडे शिवणाऱ्या ताईचं दार वाजवलं आणि "जरा बघशील का गं?" असं विनवलं.

ताईने फारच मनावर घेतलं. दोन रविवार मावशी घरीच पडून होत्या. तिसऱ्या रविवारी काठी टेकत गेल्या, तर ओढ्यावर तीस माणसं! ओढा लख्ख. आणि अलीकडच्या काठावरचा सगळा लव्हाळा मुळासकट उपटून एका बाजूला ढीग घातलेला.

तो लव्हाळा मावशींनी मूठमूठ करून लावला होता. गटाराचं पाणी त्याच्या मुळांशी गाळलं जायचं. गेल्या वर्षी पाणकोंबडीने त्यात घरटं केलं होतं. यातलं त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. कोण ऐकणार, असं त्या म्हणत. खरं तर तेवढं एक त्यांना आपल्या एकटीचं हवं होतं.

"मावशी, बघा! गवत माजून किती गचाळ दिसत होतं," ताई म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तोंड सोडलं तर ही तीस माणसं पुन्हा फिरकणार नव्हती. गप्प बसावं, तर पुढच्या रविवारी पलीकडचा काठही असाच साफ होणार होता. त्या ढिगाशेजारी दगडावर बसल्या.

"ते गवत नव्हे गं. मी लावलेलं होतं. तुला सांगितलं नाही, ही माझी चूक."

टाळ्या थांबल्या. "म्हणजे आम्हीच वाटोळं केलं म्हणायचं," दूधवाला पुटपुटला.

"केलंत की!" मावशी म्हणाल्या. शेवटी जीभ ती. ताईचे डोळे भरून आले. मावशींचेही आले, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

ताईने ढिगातून एक जुडी ओढून मुळं चाचपली. "ओली आहेत अजून. किती खोल लावू?"

मावशी उठायला गेल्या, पण गुडघा उठू देईना. मग तिथूनच त्यांनी स्वतःच्या मनगटाला हात लावून दाखवला. ताई पाण्यात उतरली. मागोमाग दूधवाला उतरला, मग आणखी चार-पाच जण. बाकीचे आपापल्या घरी गेले.

"पाणकोंबडी परत येईल?" लावता लावता मावशींकडून मुळांचं, घरट्याचं सगळं ऐकून झाल्यावर ताईने विचारलं.

"यंदा नाही यायची. पुढच्या वर्षी तू बघ. मला आता इथवर येववणार नाही." मावशींनी काठी जवळ ओढली. "आलीच, तर वर येऊन मला सांग."