चोरलेला दीड महिना

एसटी सुटायच्या आधी वत्सलानं खिडकीतून हात घालून माझ्या मांडीवर शेवंतीच्या रोपांचं ओलं गाठोडं ठेवलं. मग माझ्या शेजारी बसलेल्या सुनेकडं डोळ्यांनी खूण करून हळूच विचारलं, "बाई, हिले काही आहे काय?"

वत्सला म्हणजे माझी धाकटी जाऊ. वंदना, माझी सून, लिंबू हुंगत डोळे मिटून बसली होती आणि तिला दोन महिने वर झाले होते. मी न अडखळता सांगितलं, "काही नाही व. एसटीचा वास सहन होत नाही तिले. पित्त आहे."

वत्सलानं मान डोलावली. खोटं आहे हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे मला कळलं. तिच्या सुनेच्या वेळी तिनं मला असंच सांगितलं होतं. आमच्याकडं सासू महिने चोरते. तीन असले तर दीड सांगायचे, पाच असले तर तीन. नजर लावणाऱ्याचा हिशेबच चुकला पाहिजे. मी या कामात इतकी तरबेज होते की माझ्या स्वतःच्या बाळंतपणाला सुईण पोचली तेव्हा शेजारीण म्हणत होती, "आं, हिले तर सातवा ना?"

अकोट तालुक्यातल्या आमच्या गावाहून अकोला म्हणजे दोन तासांचा रस्ता. एवढ्याला मी गाव सोडणं म्हणते म्हणून पुण्या-अमेरिकेला गेलेले हसतील. हसा बाप्पा. पण तुमच्यासारखंच मीही दाराला कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं होतं.

आम्ही फुलवाले. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. ती सालं अशी होती की आमच्या भागात पाहणीच्या गाड्या येत, लोक उतरून वावरं पाहत, लिहून नेत. आमच्या घरात कोणी जीव दिला नव्हता, म्हणून आमच्या दाराशी गाडी थांबली नाही. पण कापूस बुडाला की गावातली लग्नं पुढं जातात, आणि लग्नं नसली की फुलं कोण घेतं? दोन सालं आम्ही शेवंती गुरांपुढं टाकली. गुरंही कंटाळली. महादेव, माझा पोरगा, आधीच अकोल्याला फुलबाजारात हमालीला लागला होता. विहीर आटली तशी आम्हीही निघालो.

दुसरं कारण जाई. माझी नात, तेव्हा सात वर्षांची. तिचे हातपाय, पाठ अशी दुखत की ती रडतही नसे, नुसती भिंतीला पाठ लावून आखडून बसे. अकोटला रक्त तपासलं तेव्हा नाव कळलं, सिकलसेल. डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. गोल असायला हवा तो रक्ताचा कण विळ्यासारखा वाकतो आणि नसेत अडकतो. मी घरी आले आणि फुलं कापायचे दोन्ही विळे पोत्यात गुंडाळून छपरात खोचले, पोरीच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. आठ दिवस शेवंती हातानं खुडली. बोटं सोलली. असं माझं शहाणपण.

डॉक्टरनं आणखी एक सांगितलं होतं: हा आजार अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून, दोन्ही अर्धे मिळाले तरच लेकरू आजारी पडतं. मी त्यातलं मला हवं तेवढं अर्धं ऐकलं. वंदनाचं माहेर अमरावतीचं. म्हणून गावभर सांगत सुटले, "हे अमरावतीकडचं आहे बाई. आमच्या अकोल्याच्या रक्तात असं काही नाही." वंदना भाकरी थापत राही. तिचे हात तेवढे जोरात पडत.

अकोल्यात खोली मिळाली जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडच्या गल्लीत. वर पत्रा, पुढं हात पसरला तर समोरच्या भिंतीला लागेल एवढी वाट. समोर जैबून आपा राहायच्या. लग्नाचे सेहरे आणि दर्ग्याच्या चादरी गुंफायचं त्यांचं काम. माझी बोटं पाहूनच म्हणाल्या, "माळीन है ना तू? बैठ." त्या दिवसापासून मी त्यांच्या ओट्यावर बसून फुलं ओवू लागले. गावात मी फुलं किलोनं विकली होती. इथं पहिल्यांदा कळलं की एकेक फूल कोणाच्या तरी कपाळावर जातं.

महिना झाला नसेल, जाईचं दुखणं उसळलं. तिला घेऊन आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मला लेकीसारख्या. त्यांनी जाईला सलाईन लावलं आणि मग वंदनाकडं पाहिलं.

"तुम्हाला दिवस गेलेत का?"

वंदनानं माझ्याकडं पाहिलं. आमच्याकडं सासूसमोर सुनेनं हे बोलायचं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं की पोटातल्या बाळाला हा आजार आहे की नाही हे आता आधी कळतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात नागपूरला नेऊन बाळाच्या वारेचा बारीकसा तुकडा तपासायला काढतात. मग आईबापांना विचार करायला वेळ मिळतो. "म्हणून नीट सांगा, किती दिवस झाले?"

आणि मी, तोंडाला पदर लावून, अंग चोरून, म्हणाले, "आत्ताच तं राहिले मॅडम. सव्वा महिना असन."

अकरावा आठवडा चालू होता. माझ्यासमोर बसलेली ती पोरगी माझ्या नातवंडाचं भलं करायला निघाली होती आणि मी तिच्या नजरेपासून बाळाला वाचवत होते. त्यांनी विश्वासानं लिहून घेतलं, सव्वा महिन्यानंतरची तारीख दिली. उठताना मी वर शहाणपणा केलाच. जवळ वाकून विचारलं, "तपासणीत पोट्टं हाय का पोट्टी, तेही समजन ना?" त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवलं. मला वाचता येत नाही असं मी दाखवलं. मला चांगलं वाचता येत होतं.

पुढचे दिवस मी खूश होते. इकडं दवाखाना झाला, तिकडं नजर चुकवली. एके दुपारी वंदना पाण्याची गुंडी घेऊन ओट्यावरून गेली, तेव्हा जैबून आपांची सुई थांबली.

"ये कितवा है हिचा?"

"दुसरा लागला असन," मी म्हटलं.

"मेरे सात हुए," आपा म्हणाल्या. "सात पोट्टे जनले मी. मले शिकवते का? ये चौथा है."

मग मी हळू आवाजात सगळं सांगितलं, दवाखान्यात काय बोलले तेही. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी गुंफत आलेला सेहरा मांडीवरून खाली ठेवला. "गल्लीवालों से झूट बोली, समझ में आया. डॉक्टरले काहून खोटं सांगतलं बाई? उसकी नजर लगती क्या? उसकी नजर के वास्ते तो गये थे."

त्या दिवशी फुलं तशीच टाकून आपा आम्हाला घेऊन दवाखान्यात गेल्या. सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी वंदनाच्या पोटावर यंत्र फिरवलं आणि पडद्यावरचं माप पाहून त्यांचा चेहरा बदलला. पंधरा आठवडे उलटून गेले होते. "आजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला खोटं सांगू शकता. बाळाला सांगता येत नाही." पंचेचाळिशीत मला कोणी आजी म्हटलेलं तेव्हा खपत नसे. त्या दिवशी खपलं.

नागपूरला न्यायची पहिली वेळ निघून गेली होती. आता गर्भजल काढून तपासायचं, तेही सोळावा पुरा झाल्यावर. रिपोर्टला दोन-तीन आठवडे. आणि त्या काळच्या कायद्यानं विसाव्या आठवड्यानंतर बाळ ठेवायचं की नाही हे ठरवता येत नव्हतं. म्हणजे माझ्या दीड महिन्यानं वंदनाचा विचार करायचा वेळ खाल्ला होता. रिपोर्ट उशिरा आला तर तिला काय हवं ते विचारण्यातही अर्थ उरणार नव्हता.

नागपूरला ती आणि महादेव गेले. सुई पोटात घातली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही, हे महादेवनं सांगितलं. परत आल्यावर ती माझ्याशी कामापुरतंही बोलेना. त्याच आठवड्यात दवाखान्यानं घरातल्या सगळ्यांची रक्तं तपासली होती, त्याचे कागद आले. महादेवमध्ये अर्धा दोष. तो कोणाकडून आला, तर माझ्याकडून. माझ्या नावापुढं स्वच्छ लिहिलेलं. अकोल्याचं रक्त. मी कागद उलटा धरून पाहिला, तरी तेच.

मी वंदनासमोर जाऊन बसले. ती मेथी निवडत होती. माफी कशी मागतात हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. मी मेथीची एक जुडी ओढली आणि म्हटलं, "माह्याकडूनच आलं व."

"माहीत हाय," ती म्हणाली. मग तिनं मान वर केली. "आत्याबाई, आता रिपोर्टात काय निघन ते निघन. पण मंग काय करायचं ते मी ठरवीन. तुमी नाही, हे नाही. जाईचं दुखणं म्या काढलं हाय."

दहा वर्षांच्या संसारात माझ्यासमोर ती इतकं कधीच बोलली नव्हती. राग यायला हवा होता. मला तिचा अभिमान वाटला, आणि तो लपवायला मी मेथीची चांगली पानंही टाकून दिली.

एकोणिसाव्या आठवड्यात रिपोर्ट आला. बाळाकडं अर्धा दोष होता, आईबापासारखा, माझ्यासारखा. आजार नव्हता. वंदना दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. आपांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी बाजूला उभी राहिले. त्या रडण्यावर माझा हक्क नव्हता. पोट्टं झालं, आता ते माझ्याच मोबाईलवर मला शिकवतं.

त्यानंतर मी गल्लीत एक धंदा सुरू केला, बिनफायद्याचा. कोण्या पोरीचं लिंबू हुंगणं दिसलं की मी तिच्या सासूला गाठते. "खरे महिने सांग, दवाखान्यात नाव घाल, रक्त तपास." आधी शिव्या मिळायच्या. मी त्यांना माझी गोष्ट सांगते, विळ्यांसकट. हसल्या की ऐकतात. सगळ्यांचे रिपोर्ट आमच्यासारखे आले असं नाही. एका पोरीचा वेगळा आला. तिनं काय ठरवलं ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. तीन दिवस मी तिच्याजवळ बसून फुलं ओवली, एवढंच.

जाई कॉलेजात असताना एकदा गोळी घेताना सहज म्हणाली, "आजी, मी पोटात असताना ही तपासणी असती तर? मी आले असते का?"

वंदना चुलीपाशी होती. तिचा हात थांबला. मी तेवढ्यात थट्टा करून सुटू शकले असते, मला ते येतं. पण महिने चोरून झाल्यावर उत्तर चोरायची हिंमत नव्हती.

"माहीत नाही," मी म्हटलं. "तेव्हा मी ठरवलं असतं, तर माह्यासारख्या येडीनं काय केलं असतं सांगता येत नाही. तुह्या मायनं ठरवलं असतं. अन् आता तुले पाहून मले एवढंच माहीत हाय, की तू नसती तं या घरात कोणाले अक्कल आली नसती."

ती हसली. वंदना म्हणाली, "मले माहीत हाय म्या काय केलं असतं," आणि भाकरी उलटली. पुढं बोलली नाही. जाईनंही विचारलं नाही. मायलेकींचं ते त्यांच्यात राहिलं.

आता जाई अमरावतीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला आहे. होय, अमरावतीला. देवाला माझी जिरवायची हौस आहे. लग्न ठरताना तिनं मुलाची पत्रिका पाहिली नाही, त्याच्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला. त्याच्यात दोष नाही, म्हणजे लेकरांना आजार होणार नाही. हे तिनं आम्हाला कागदावर चौकोन काढून शिकवलं. दुखणं अजूनही उसळतं, मग ती दोन दिवस झोपून राहते आणि तिसऱ्या दिवशी डबा घेऊन निघते. परवा तिचा फोन आला. आईच्या आधी मला. "आजी, आठ आठवडे चार दिवस. माझ्या डॉक्टरांना दाखवलं. आता खुशाल सांग कोणालाही."

मी दुसऱ्याच दिवशी गावाची एसटी धरली. मांडीवर पिशवी, पिशवीत शेवंतीची रोपं. वत्सलानं दिलेलीच जात, एवढी सालं पत्र्यावर डब्यांत वाढवलेली. विहीर गाळाची झाली आहे, वावर दुसऱ्याचं आहे, कुलूप गंजून तसंच आहे. त्या कुलपाला आता मी घर म्हणत नाही. अकोल्यातल्या त्या ओट्याला म्हणते, जिथं एका बाईनं सुई थांबवून मला खोटारडी म्हटलं आणि मग दवाखान्यात नेलं.

वत्सला थांब्यावरच होती. केस पांढरे, नजर तीच. "बाई, काही बातमी?"

"जाईले दिवस गेले. आठ आठवडे चार दिवस. आज पाच," मी मोठ्यानं म्हटलं. थांब्यावरच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं.

वत्सलानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू बोल व, लोक ऐकून राहिले." मग कानशिलावर बोटं मोडून जाईची दृष्ट काढली, रोपांचं गाठोडं हातात घेतलं आणि माझ्यासोबत दहा पावलं चालली. कोणी नाही असं पाहून माझ्या कानाशी आली.

"आमच्या धाकट्या सुनेलेही आहे. कोणाले सांगतलं नाही अजून."

"कितवा?"

तिनं तोंड उघडलं, मिटलं. मी थांबले. मला घाई नव्हती, परतीची एसटी संध्याकाळची होती.

"दोन," ती म्हणाली. "खरे दोन."

"मंग उद्या अकोल्याले घेऊन ये तिले," मी म्हटलं. "माह्या घरी उतर."