मागलं दार आन् शेटजींचं कुंकू

"हाताला लावून बघा, मग न्या."

शेटजींच्या दुकानात कुंकू मागितलं की पुडी लगेच मिळायची न्हाई. आधी डबा उघडायचा. चिमूटभर कुंकू ओल्या बोटानं स्वतःच्या डाव्या मनगटाला आतल्या अंगानं लावायचं, आन् मग घरची चौकशी. कांदा लावला का, म्हस व्याली का, पोरीचं कुठं जमलं का. बोलणं सपलं की धोतराच्या सोग्यानं मनगट पुसून आपल्या म्होरं धरायचं. "गेलं का न्हाई? डाग राह्यला न्हाई तर चांगलं."

बायका हसायच्या. "शेटजी, तुमचं मनगट मुळातच लाल, त्यात नवं गेलं का राह्यलं कसं कळायचं?"

"मग आना तुमचा हात," असं म्हणून ते तिच्या हाताला लावायचं, आन् पुन्यांदा म्हशीपासून सुरू.

तुमी बी असं माणूस बघितलं असंल. पेठेत एक तरी असतंच, ज्याच्याकडं घाईच्या दिवशी जाऊ नाय. शेटजी मूळचं राजस्थानचं, पण त्यांच्या आज्याच्या आधीपासनं घर घोडेगावात. बोलणं आपल्यावानीच. दुकान एवढंसं. हळद, कुंकू, बुक्का, कापूर, वाती. त्यातल्या कुंकवावर त्यांचा लई जीव.

आमचं मालक वारलं तवा मी तिशीची व्हते. पोरगा सा वर्षांचा. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, दिवस काढायची. त्याचं रडगाणं गात न्हाई, समद्यांचं असंच असतं. म्हैन्याभरानं हळद आणायला दुकानात गेले. शेटजींनी सवयीनं कुंकवाचा डबा उघडला, मनगटाला लावलं, आन् मग त्यांची नजर माझ्या कपाळाकडं गेली. मी म्हणलं, "नुसती हळद द्या."

त्यांनी मनगट पुसलं, बघितलं, आन् कुंकवाची पुडी बांधली. "वहिनी, देवाला लागतं की घरात. देवाचं कुणी बंद केलं? न्या."

तवापासनं आमच्या देवाचं कुंकू त्यांच्याच दुकानाचं.

पोरगा मोठा झाला. जीपवर डायव्हर व्हता. मंदाशी लगीन झालं. ती सून माझी, मला आत्या म्हणती. त्यानं हौसेनं तिला गाडी शिकवली, धरणाच्या कडंच्या मोकळ्या रस्त्यावर. मी म्हणायची, बाईमाणसाला काय करायचीय. दोन वर्षांनी हिरीवर मोटर चालू करताना त्याला शॉक लागला, आन् तो जाग्यावर गेला. तवा कळलं काय करायचीय ते.

मंदानं बँकेच्या दारी चकरा मारून नवी पांढरी गाडी घेतली. डोंगराकडच्या वाड्यांतनं बाळंतिणीला दवाखान्यात आणायची, नर्सबाईंना सोडायची. लोकं बघत बसायची. कुणी त्वांडावर बोललं न्हाई, पण गप बसलेली लोकं बी दिसत्यात की आपल्याला.

गाडीला दोन म्हैने झालं नव्हतं, तवा स्टँडवर एका टेम्पोनं मागं घेताना घासली. डाव्या अंगाचं मागलं दार. गाडी उभी व्हती, मंदा शेजारी च्या पीत व्हती. तरी गावात काय झालं? "बाईच्या हातात दिली, मग घासणारच."

हायवेवरच्या एका वर्कशॉपात दिली. दसऱ्याच्या आदल्या दिशी गाडी परत आली. मंदा खूश. मी दारावरनं हात फिरवला तर बारीक रव्यावानी लागलं. रंग बी बाकीच्या गाडीपरीस येगळा, शिळ्या दुधावानी. म्हणलं, मला कुठं कळतंय, असंल असंच.

दसऱ्याला गाडी पुजायची. कुंकू कोण लावणार? मी तशी, सून बी तशी. शेजारची धुरपदा म्हणली, "माझ्या थोरलीला बोलावते लावायला, सवाष्ण हाय."

मंदा म्हणली, "चालवायची मी आन् कुंकू दुसऱ्यानं लावायचं व्हय?" तिनं बोनेटवर स्वस्तिक काढलं आन् चारी दारांना दोन दोन बोटं लावली. मी अडवलं न्हाई. अडवायला पायजे व्हतं असं दुसऱ्या दिशी वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिशी गाडी धुतली. बोनेट साफ. तीन दारं साफ. मागल्या दारावर दोन बोटं तशीच, गुलाबी. साबण लावला, राकेल लावलं, जाईना.

धुरपदा कुंपणापाशी उभी. तिच्या धाकटीचं लगीन तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं, पोरगी येडगावला दिलेली, आन् नवरीची गाडी म्हणून आमचीच सांगितलेली. ती नुसतं म्हणली, "मंदे, गाडीचं मी तुला दोन दिवसांनी सांगते." झालं. तेवढ्यात काय ते समजलं. विधवेच्या हातचं कुंकू, त्या दारानं धरून ठेवलं. सांजपातूर गावभर.

मंदा वर्कशॉपात गेली. तिथला साहेब म्हणला, "ताई, भेसळीचं कुंकू लावलंत तुम्ही. त्यानं रंग खाल्ला. आमचं काम पक्कं आहे." दार पुन्यांदा करून द्यायला नाय म्हणला.

घरी येऊन तिनं चावी देव्हाऱ्यात ठिवली. "आत्या, इकून टाकू. माझ्या हाताला यशच न्हाई." पोरगा गेला तवा सुदीक ती असं बोलली नव्हती. त्या चावीकडं बघून मला झोप लागंना.

शुक्रवारी बाजार. मी मंदाला म्हणलं, शेवटचं म्हणून मला घोडेगावला सोड. धुरपदाला बी बाजार व्हता, फुकटात बसली. मी सरळ दुकानात गेले. दहा बायका उभ्या. मी विचारलं, "शेटजी, कुंकवात काय भेसळ येतीय का आताशा?"

ते मनगट पुसत व्हते, ते थांबलं. "कोण म्हणलं?"

मी समदं सांगितलं. दाराचं, साहेबाचं, गाव काय म्हणतंय ते बी. त्यांनी माझ्याकडं बघितलं न्हाई. डब्याला झाकण लावून काखंत मारला, टोपी घातली, आन् बाजाराच्या दिवशी, भर बारा वाजता, शटर खाली ओढलं.

आतनं त्यांचा पोरगा वराडला, "बापू, गिऱ्हाईक हाय."

"असू दे. त्यांना बी कळू दे आपण काय इकतो ते."

गाडीत ते मुद्दाम मागं बसलं, त्या दाराशी. काच खाली करून सगळ्या रस्त्यानं बाहेरनं दाराला बोट लावून बघत व्हते. परतीला दुसरी गाडी न्हाई म्हणून धुरपदा बी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेली.

वर्कशॉपात साहेब खुर्चीत. शेटजींनी डबा त्याच्या टेबलावर ठिवला. "हे कुंकू. ह्यानंच रंग खाल्ला म्हणता ना?"

"काका, केमिकल असतं ह्यात."

"असंल तर समद्याच दारांना खाईल. तुमची गाडी कंची? तिला बी लावू."

साहेब उठून उभा राह्यला. "माझ्या गाडीला नको."

"का हो? रंग पक्का हाय ना?"

सर्व्हिसिंगला आलेलं एक द्राक्षवालं पावणं बाकावर बसलेलं. ते हसलं आन् म्हणलं, "शेटजी, माझ्या गाडीला लावा. बघू तरी."

शेटजींनी पाणी मागितलं. डबा मंदापुढं धरला. "पोरी, तू लाव."

मंदा माझ्याकडं बघाया लागली. समदी लोकं उभी. मी मान हालवली. तिनं बोट बुडवलं. पावण्याच्या गाडीला एक बोट, आपल्या फुडल्या दाराला एक, आन् मागल्या दाराला जुन्या डागापासनं हातभर लांब एक. मागल्या दारावरचं जरा वाकडं उठलं.

मग शेटजींनी स्वतःचं बोट बुडवलं. तिन्ही ठिकाणी, तिच्या बोटाशेजारी, आपलं एकेक बोट लावलं. आन् सवयीनं मनगटाला बी. "आता बसू," म्हणलं.

ऊन कलंपातूर बसलो. च्या आला, शेटजींनी घेतला न्हाई. त्यांनी आपली पावण्याला द्राक्षाची चौकशी केली, साहेबाला लगीन झालंय का इचारलं, कुठली सासुरवाडी, किती लेकरं. साहेब दर घटकंला घड्याळ बघायचा. शेटजींना काय, त्यांचा जलम असाच गेलेला.

मग उठलं आन् ओलं फडकं धुरपदाच्या हातात दिलं. "बाई, तुमी पुसा. आमी घरचं पडलो."

धुरपदाला पळायला जागा नव्हती. तिनं पावण्याची गाडी पुसली. दोनी बोटं गेली. आमचं फुडलं दार पुसलं. मंदाचं बोट गेलं, शेटजींचं बी गेलं. मग मागलं दार. तिनं पुसलं, पुन्यांदा पुसलं, जोर लावला. दोन बोटं शेजारी शेजारी, सारखीच गुलाबी. विधवा सुनंचं बोट आन् नातवंडं खेळवणाऱ्या शेटजींचं बोट, दारानं काय फरक केला न्हाई.

"माझं बी राह्यलं की," शेटजी म्हणलं. "आता माझ्या बोटाला काय दोष द्यायचा ते सांगा."

मागनं एक म्हातारा रंगारी आला, भुवया पार पांढऱ्या झालेल्या रंगाच्या भुकटीनं. तो दाराला हात लावून म्हणला, "साहेब, ह्या दारावर लॅकर मारलंच न्हाई. दसऱ्याची घाई व्हती, समद्यांना गाड्या पायजे व्हत्या. पांढरा मारला आन् दिली गाडी." लॅकर म्हंजे रंगावर शेवटचा काचंवानी हात देत्यात तो. तो नसला की रंग उघडा पडतो, लावंल ते धरतो.

साहेब वरमला. म्हणला, "दार नव्यानं करून देतो. सोमवारी गाडी घेऊन या."

मंदा पयल्यांदा बोलली. "रंग मी हितं उभी राहून बघणार. घासताना बी आन् शेवटचा हात मारताना बी."

"आन् एक कागद द्या," शेटजी म्हणलं. "कुंकवाचा दोष न्हाई, एवढंच लिहा. शिक्का मारा."

दिला त्यानं. तो कागद शेटजींनी गल्ल्याच्या काचंखाली ठिवला. कोण काय इचारलं की म्हणायचं, "माझ्या कुंकवाचं सर्टिफिकेट हाय."

परतीला धुरपदा मंदाशेजारी फुडं बसली. गावचा फाटा आला. मग म्हणली, "मंदे, लग्नाला गाडी येतीया ना? आन् त्या दिशी बोनेटवर तूच काढ गं. तुझ्या हाताला वळण हाय." मंदा गाडी चालवत व्हती, नुसती हं म्हणली. पण मला आरशात तिचं त्वांड दिसत व्हतं.

दार नवं झालं. काच जशी. शेटजी मुद्दाम बघाया आलं, बोट लावलं, रात्री मुक्कामाला राह्यलं, सकाळी स्वतः पुसलं. गेलं. आन् तुळशीच्या लग्नानंतर धुरपदाची पोरगी त्याच दारानं आत चढली. गाडी धरणाच्या कडंनी येडगावला गेली तवा मी फुडं बसले व्हते. गावच्या बायका वेशीपातूर आलेल्या. सवाष्णी, विधवा, समद्या. मंदानं हारन वाजवला, जरा जास्तच वाजवला.

आता मंदाकडं दुसरी गाडी बी हाय, त्यावर वाडीतली एक पोरगी चालवायला ठिवलीया. शिकवली मंदानंच.

शेटजी गेल्या थंडीत गेलं. आमी दोघी गेलो, गाडी पेठेच्या तोंडाशी लावून. पांढऱ्या कापडात निजवलेलं, आंघोळ घातलेली. डावा हात जरा बाहेर व्हता. त्यांचा पोरगा हळूच म्हणला, "मावशी, लई धुतलं. मनगटाचं काय जात न्हाई."

मी हात लावून बघितलं. इतकी वरसं दुसऱ्याच्या हाताला डाग लागू नाय म्हणून लावलेलं ते, कातड्यात बसलं व्हतं.

म्हणलं, "राहू द्या. पुसू नका."